मागे घेण्याची विद्या

संसार हा आखाडा आहे, आणि त्यात उतरणाऱ्याने मल्लाचे मन अंगी बाणवले पाहिजे, असा उपदेश अलीकडे व्याख्यानमालांतून, शाळांच्या पारितोषिक समारंभांतून आणि कराटेच्या वर्गांच्या भिंतीपत्रकांतून इतक्या मुक्तहस्ते वाटला जाऊ लागला आहे की, उपदेश करणाऱ्यांपैकी कितीजणांच्या पाठीला तांबडी माती लागली असेल, हे विचारण्याचेही कोणास भान राहिलेले नाही. हार मानू नका, समोरच्याचे मर्म हेरा, पहिला वार आपला असू द्या, माघार हा शब्द कोशातून काढून टाका. आणि हे सारे केवळ व्यापारात वा परीक्षेत नव्हे, तर पतीने पत्नीशी, भावाने भावाशी आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याशी वागताना! लढवय्याच्या मनापासून संसाराने काही शिकावे, हे मला सर्वस्वी मान्य आहे. माझी कैफियत एवढीच की, या मंडळींनी विद्या अर्धीच उचलली आहे; आणि उरलेली अर्धी ज्याला येत नाही त्याचे काय होते, याची साक्ष देत आपल्या महाराष्ट्राच्या वायव्य सीमेवर एक डोंगर उभा आहे.

तो डोंगर अस्तंभ्याचा. नोकरीच्या उमेदीतील साडेतीन वर्षे मी धडगावच्या मामलेदार कचेरीत काढली. नंदुरबार हा तेव्हा स्वतंत्र जिल्हा झालेला नव्हता (तो झाला 1 जुलै 1998 रोजी), मुलूख धुळे जिल्ह्यात मोडत असे, आणि ‘धडगावला बदली’ हे दोन शब्द सरकारी नोकरांत शिक्षेचा पर्याय म्हणून उच्चारले जात. ज्या अक्राणी तालुक्याचे धडगाव हे मुख्य ठिकाण, त्याच तालुक्यात सातपुड्याच्या रांगेतील सुमारे 1325 मीटर उंचीचे हे शिखर आहे. दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमारास, तळोद्याकडून, शहाद्याकडून, तसेच गुजरात आणि मध्य प्रदेशाच्या हद्दीपलीकडून तरुणांच्या टोळ्या रात्री उजेड घेऊन त्या वाटेने चढू लागतात. वर देव आहे तो अस्तंबा ऋषी, म्हणजे द्रोणपुत्र अश्वत्थामा. तो चिरंजीव असल्यामुळे अद्यापही या रानांतून हिंडतो, कपाळावरच्या न भरणाऱ्या जखमेसाठी वाटसरूंपाशी तेल मागतो, आणि कोणी वाट चुकलाच तर त्यास वाटेवर आणून सोडतो, अशी त्या मुलखाची श्रद्धा आहे.

हा शेवटचा भाग व्यासांचा नव्हे, हे येथेच सांगून टाकले पाहिजे. महाभारताच्या सौप्तिकपर्वात श्रीकृष्णाने अश्वत्थाम्यास जो शाप दिला, तो मरणाचा नाहीच. तीन हजार वर्षे तू एकाकी भटकशील, तुला सोबत मिळणार नाही आणि कोणाशीही तुझे संभाषण होणार नाही, असा तो शाप आहे. युद्धाच्या अठरा दिवसांत इतक्या परींनी माणसे मेली. पण ज्याचा अपराध सर्वांत घोर ठरला, त्याच्यासाठी महाकवीने निवडलेली शिक्षा मात्र बोलाचाली बंद होण्याची! सातपुड्यातील भिल-पावऱ्यांनी त्या शापिताला तेलाच्या निमित्ताने का होईना, चार माणसांशी बोलते केले. व्यासांहून सातपुडा दयाळू निघाला, असे मला नेहमी वाटत आलेले आहे.

परंतु अश्वत्थाम्याचा अपराध तरी नेमका कोणता? निद्रिस्त शिबिरावर त्याने घाला घातला, द्रौपदीच्या पाच पुत्रांना मारले, हे तर आहेच. तथापि लढवय्याच्या मनाचा विचार करणाऱ्याने त्यापुढील प्रसंग अधिक बारकाईने वाचावा. पांडव पाठलाग करीत भागीरथीतीरी व्यासांच्या आश्रमापाशी पोचले, तेव्हा अश्वत्थाम्याने जवळची एक काडी, एक ऐषीका, उचलली आणि तिच्यावर ब्रह्मशिर अस्त्राची योजना करून ती पांडवांच्या निर्मूलनासाठी सोडली. अर्जुनानेही तेच अस्त्र सोडले. दोन्ही तेजांच्या मध्ये नारद आणि व्यास येऊन उभे राहिले आणि दोघांनाही अस्त्रे आवरण्यास सांगते झाले. अर्जुनाने आपले अस्त्र मागे घेतले. अश्वत्थाम्याला ते साधेना. सोडण्याचा मंत्र त्याला येत होता, पण परत बोलावण्यास जे मन लागते ते त्याच्यापाशी नव्हते. शेवटी, मागे येत नाही तर कुठेतरी पडलेच पाहिजे, म्हणून ते अस्त्र त्याने पांडवांची सून उत्तरा हिच्या गर्भाकडे वळवले.

या एका वाक्यापाशी मी अनेकदा थबकलो आहे. भांडण अर्जुनाशी, वैर भीमाशी, सूड पित्याच्या वधाचा. आणि अस्त्र जाऊन पडते ते कोणावर, तर ज्याने अद्याप जगाचा उजेडही पाहिलेला नाही अशा जिवावर. घराघरांतून याहून वेगळे काय घडते? साहेबाचा राग बायकोवर, सासूचा राग सुनेवर आणि सुनेचा राग पाटीवर अक्षर चुकलेल्या पोरावर, अशी ती काडी हातोहात प्रवास करीत जाते आणि ज्याला ती पुढे कोणाकडेही वळवता येत नाही, त्याच्यापाशी जाऊन थांबते.

आपल्या जुन्या अस्त्रविद्येत प्रयोगाबरोबर उपसंहारही शिकवला जात असे. आज उपसंहार हा शब्द ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणापुरता उरला आहे. त्याचा मूळ अर्थ, सोडलेले अस्त्र आवरून घेणे, हा आपण विसरलो. आणि विसरण्यात गुरूंचाही वाटा असतो. द्रोणांनी हे अस्त्र अर्जुनाला संतोषाने दिले. ते पाहून पुत्राने हट्ट धरला, तेव्हा त्याचा चंचल स्वभाव ठाऊक असताही, मनुष्यांवर हे कधीही योजू नकोस, एवढी ताकीद देऊन त्यांनी ते त्यालाही देऊन टाकले. हाच अश्वत्थामा पुढे द्वारकेस जाऊन श्रीकृष्णापाशी सुदर्शन मागतो, श्रीकृष्ण हसून घे म्हणतात, आणि याला ते डाव्या हाताने उचलत नाही व उजव्यानेही उचलत नाही. लाडक्या पुत्रास जे शस्त्र पेलणार नाही ते देणारे, आणि ज्याला पेलले असते त्या निषादपुत्र एकलव्याचा अंगठा मागून घेणारे, असे हे एकच आचार्य! भिलांच्या मुलखात एकलव्य हा घरचा माणूस मानला जातो. बाण ओढताना भिल अंगठा लावीत नाही, तर्जनी आणि मध्यमा यांच्यातच तो धरतो, हे मी तेथे अनेकांच्या तोंडून ऐकले, आणि त्या सांगण्यात तक्रारीपेक्षा अभिमानच अधिक असे. द्रोणांचा एक शिष्य त्या डोंगरांत जखम घेऊन हिंडतो आणि दुसरा अंगठ्याविना नेम धरतो. त्या मुलखाने दोघांनाही आपले म्हटले आहे.

आता आखाड्याकडे येऊ. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी तालीम होती, आणि माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणत असू, त्यांनी तिच्यात सात-आठ वर्षे अंग घुसळले होते. मी मात्र तिच्या उंबऱ्यापलीकडे फारसा गेलो नाही. पण हौद्यातील ती माती, जिच्यात ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस मुरवलेला असे, तिचा वास मला अद्याप ओळखता येतो. दादा सांगत की, नव्या पोराला वस्ताद प्रथम डाव शिकवीत नसे. माती खणायला लावी, जोर-बैठका काढून घेई आणि मग पडायला शिकवी. पाठ वाचवून, मान वाचवून, अंग सैल सोडून कसे पडावे हे ज्याला उमगले नाही, त्याच्या हाती ढाक किंवा कलाजंग देणे म्हणजे त्याची आणि जोडीदाराची, दोघांचीही हाडे मोडण्याची सोय करणे होय. कुस्ती लागताना सलामी, सुटताना पाठीवर थाप. प्रतिस्पर्ध्याचे अंग घामाने निसटू लागले तर त्याच्या पाठीवर माती टाकायची, म्हणजे पकड दोघांनाही मिळते. आणि कुस्ती निकाली झाली की खालचा वर येईपर्यंत वरच्याने हात द्यायचा. ज्या जोडीदाराशी रोज लढत केली, तो एक दिवस तालमीत आला नाही तर मल्ल त्याच्या घरी जाऊन चौकशी करतो, कारण तो नसेल तर याचीही विद्या गंजते. प्रतिपक्ष हा आपल्या सामर्थ्याचा भागीदार असतो, ही जाणीव भिंतीपत्रकांवरील मल्लाच्या मुद्रेत कोठेही आढळत नाही.

हे केवळ आपल्याच मातीचे वैशिष्ट्य आहे असेही नव्हे. जपानात 1882 साली जिगोरो कानो यांनी तोक्योत ज्यूदोची शाळा काढली, तेव्हा तिच्या पाठांत पडण्याच्या प्रकारांना अग्रस्थान होते आणि स्वतःची व दुसऱ्याची एकत्र उन्नती हे पुढे तिचे ध्येयवाक्य झाले. आणि ओकिनावाची कराटे 1922 मध्ये तोक्योस नेणारे गिचिन फुनाकोशी या विद्येत पहिला वार नसतो, असे शिष्यांना बजावीत. वर्ग काढणाऱ्यांनी गणवेश आणि पट्टे घेतले, आणि हे मात्र तेथेच ठेवून दिले.

दादांचे दैवत म्हणजे आमच्याच पंचक्रोशीतील गोळेश्वरचे खाशाबा जाधव. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. मातीत वाढलेल्या मल्लाला गादीवरची कुस्ती तेथे नव्याने समजून घ्यावी लागली. चार वर्षांनी हेलसिंकीस जाण्यासाठी पैसा जमेना, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. 1952 मध्ये कांस्यपदक घेऊन खाशाबा परतले आणि शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु दादा ही गोष्ट सांगत ती मिरवणुकीपाशी थांबत नसत. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः त्यात लढले, आणि त्या पैशांतून प्राचार्यांचे ऋण फेडले, येथवर ती गोष्ट जाई. जिंकण्याचे बळ ज्याच्या बाहूंत होते त्याने ते प्रथम कोठे खर्च केले, हे दादांना पदकाइतकेच मोलाचे वाटे.

संसारात मात्र एक मोठी अडचण आहे, आणि ती आखाड्याचा दाखला देणाऱ्या कोणीही लक्षात घेतलेली दिसत नाही. आखाड्यात पंच असतो, हौद्याला काठ असतो, कुस्तीला वेळ असते; घरात यांपैकी काहीच नसते. सकाळी चहाच्या कपावरून जुंपलेली कुस्ती रात्री अंथरुणावरही सुटत नाही आणि चितपट झाल्याचे कोणी कबूल करीत नाही. कचेरीत माझ्या हातांखालून जी दप्तरे गेली, त्यांत बांधाच्या, वाटेच्या, झाडांच्या आणि वारसाच्या फिर्यादी होत्या. एकेका फिर्यादीचे वय मला अर्जदाराच्या वयाहून अधिक आढळले आहे, कारण बापाने मुलाला जमीन देण्याआधी तकरार दिली होती. जुन्या दप्तरी भाषेत अशा तंट्याचा शेवट जेव्हा उभय पक्षांच्या संमतीने होई, तेव्हा त्या कागदाला ‘राजीनामा’ म्हणत. राजी होऊन लिहून दिलेला तो राजीनामा. आज त्या शब्दाचा अर्थ नोकरी सोडणे एवढाच राहिला, हे मला शब्दांच्या इतिहासातील एक लहानसे दुर्दैव वाटते.

डोंगरातील लोक आमच्या कचेरीपेक्षा या बाबतीत शहाणे होते. तंटा झाला की गावचे पंच झाडाखाली बसत. बोलण्यास मुभा असे आणि ती लांबलचक असे, इतकी की एखाद्या कारकुनाने घड्याळाकडे पाहून हताश व्हावे. मग दंड ठरे, तो दिला जाई, आणि त्यानंतर दोन्ही बाजूंनी एकत्र बसून मोहाची घेतली की तो विषय पुन्हा काढावयाचा नाही, असा दस्तूर होता. त्या न्यायात दोष नव्हते असे मी म्हणणार नाही. बाईमाणसाचे म्हणणे तेथे पुरुषाइतक्या कानांनी ऐकले जात नसे. पण भांडणाला शेवट असतो आणि तो शेवट सर्वांसमक्ष करावा लागतो, ही गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती. शासनाने 15 ऑगस्ट 2007 पासून तंटामुक्त गावाची मोहीम काढली, तेव्हा मला त्या झाडाची आठवण झाली.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो यावयासच हवा. आवरून घ्या, मागे घ्या, हे सांगणे सबळाला शोभते. ज्याच्या भात्यात बाणच नाही त्याने काय मागे घ्यावे? नवऱ्याचा मार खाणाऱ्या स्त्रीला संयमाचा पाठ देणारा मनुष्य शहाणा नसून भित्रा असतो. तिचा झगडा लढण्याची जबाबदारी टाळण्यासाठीच तो तिला क्षमेचे माहात्म्य ऐकवत असतो. उपसंहार हा अस्त्रधाऱ्याचा धर्म आहे. निःशस्त्राच्या माथी तो मारणे हा अधर्म होय. द्रौपदीचेच पाहा. भागवतात, पाच पुत्र गमावलेली ती माता बांधून आणलेल्या अश्वत्थाम्यास सोडा म्हणते, कारण माझ्यासारखे याच्या आईने रडू नये. पण हे ती म्हणते केव्हा, तर तो दोरीने बांधला जाऊन तिच्या पायाशी आल्यावर आणि त्याचे जीवित तिच्या शब्दावर लोंबकळत असताना. निवाड्याचा अधिकार हाती आल्यावर केलेली ती क्षमा आहे.

आणि शस्त्र न उचलताही पवित्रा घेता येतो, हे पाहण्यास धडगावकरांना पुराणात जाण्याचे कारण नाही. त्याच अक्राणी तालुक्यात नर्मदेच्या काठी डोमखेडी हे गाव आहे. सरदार सरोवराचे पाणी चढू लागले तेव्हा 1999 च्या पावसाळ्यात तेथील झोपडीत सत्याग्रही बसून राहिले, आणि पाणी कमरेवरून छातीला, छातीवरून गळ्याला आले तरी उठले नाहीत; शेवटी पोलिसांनी त्यांना उचलून नेले. धरणाविषयी वाचकांची मते काहीही असोत, माझीही एकजिनसी नाहीत. परंतु पाय रोवून उभे राहणे, श्वास आवरणे, आणि हात न उगारता समोरच्यास स्वतःच्या हाताकडे पाहावयास लावणे, हे जर मल्लाचे मन नव्हे, तर मला त्या शब्दाचा अर्थच समजला नाही असे म्हणावे लागेल. याच खोऱ्यात निमगव्हाण आणि चिमलखेडी येथे 1991-92 च्या सुमारास जीवनशाळा सुरू झाल्या. बुडणाऱ्या गावात लढा चालू असताना कोणाला पोरांच्या बाराखडीची आठवण राहावी, याचे मला आजही नवल वाटते. अस्त्र गर्भाकडे वळू द्यायचे नाही, याची त्यांनी घेतलेली ही दक्षता होती.

इतके सारे लिहिल्यावर माझी स्वतःची गोष्ट लपवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. धडगावला असतानाच दादांशी माझे वाजले. कारण सांगताना आज लाज वाटते: गावच्या घराची कौले परतून घ्यायची होती, आणि निम्मा खर्च मी द्यावा असे दादांनी कळवले होते. मी त्या घरात राहत नव्हतो. मी कशाला द्यावा? एका पावसाळी रात्री कंदिलाच्या उजेडात बसून मी उत्तर लिहिले, आणि अव्वल कारकुनाने लिहावे तसे लिहिले. कलमवार, सात कलमे, वडिलांच्या पश्चात झालेल्या प्रत्येक खर्चाचा तपशील, कोणी काय दिले, कोणी काय दिले नाही, आणि शेवटच्या कलमात वहिनींविषयी एक असे वाक्य की जे मी येथे उतरवणार नाही. पत्र पेटीत टाकले आणि अतिशय गाढ झोपलो.

पहाटे जाग आली ती त्या शेवटच्या वाक्याने. तोंडही न धुता टपाल कचेरीत गेलो. थैली सकाळच्या एसटीने निघून गेली होती आणि एव्हाना चांदसैलीचा घाट उतरत असेल, असे मला तेथील शिपायाने सांगितले. तार करून ‘पत्र येईल ते वाचू नये’ असे कळवावे, हाही विचार मनात आला. परंतु वाचू नये असे सांगितलेले पत्र न वाचणारा मनुष्य माझ्या माहितीत नव्हता. सोळा दिवस मी उत्तराची वाट पाहत राहिलो. रात्री जेवताना मला दादांची मुद्रा दिसे. तालमीच्या दिवसांतील, मातीने माखलेली.

सतराव्या दिवशी पोस्टकार्ड आले. दादांचे अक्षर टपोरे, त्यामुळे कार्डावर मजकूर थोडाच मावे. कौले परतून झाली. आढ्याजवळच्या दोन वाशांना वाळवी होती, तेही बदलले. वहिनींनी कुरडया केल्या आहेत, दिवाळीस येशील तेव्हा ने. वहिनींविषयीच्या त्या वाक्याचा उल्लेख नव्हता. ते पत्र त्यांच्या हाती पडू दिले की नाही, हे दादांनी मला कधीच सांगितले नाही आणि विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. कार्डाच्या तळाशी, पत्ता लिहिण्याच्या बाजूकडे झुकलेली, एवढीच एक ओळ होती: तुझ्या चौथ्या कलमातील बेरीज अकरा रुपयांनी चुकली आहे.

मी कच्चा मसुदा काढून पुन्हा आकडे मांडले. बेरीज खरोखरच चुकली होती.